ऱ्होड आयलंडचा संस्थापक रॉजर विल्यम्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉजर विल्यम्स कोण होता, थोडक्यात सांगाल का?

सतराव्या शतकात इंग्लंडहून अमेरिकेत गेलेला एक पाद्री. १६३५ मध्ये मॅसॅच्युसेट्स वसाहतीने त्याला त्याच्या मतांपायी हद्दपार केलं. पुढच्याच वर्षी त्याने प्रॉव्हिडन्स हे गाव वसवलं आणि त्या गावापासून पुढे ऱ्होड आयलंड उभं राहिलं. आज ते अमेरिकेतलं आकाराने सगळ्यात लहान राज्य आहे. देवाधर्माच्या बाबतीत सरकारने कुणावरही सक्ती करायची नाही, हे तिथल्या इंग्रजी वसाहतींत इतक्या स्वच्छ शब्दांत आधी कुणी ठरवलं नव्हतं.

त्याचं लहानपण कुठे गेलं?

लंडनच्या स्मिथफील्ड भागात. जन्म १६०३ च्या सुमाराचा. वडील कापडाचे व्यापारी. स्मिथफील्ड म्हणजे गुरांचा बाजार भरायचा ती जागा, आणि वेगळं मत बाळगल्याबद्दल माणसांना जिवंत जाळलं जायचं तीही हीच जागा.

पोरगा हुशार. लघुलिपी त्याने लहानपणीच आत्मसात केली होती. इंग्लंडचे नामांकित कायदेपंडित सर एडवर्ड कोक यांच्या ते नजरेत भरलं. त्यांनी त्याला स्टार चेंबर न्यायालयात टिपणं घ्यायला बसवलं, पुढे शाळेत घातलं. १६२७ मध्ये तो केंब्रिजच्या पेंब्रोक कॉलेजातून पदवीधर झाला. हा काळ मला फार महत्त्वाचा वाटतो. राजाची मर्जी आणि कायदा एकमेकांना भिडतात तेव्हा काय होतं, हे त्याने ऐन उमलत्या वयात अगदी जवळून पाहिलं. कोक स्वतः राजाशी भांडून तुरुंगात जाऊन आलेले.

मग तो अमेरिकेला का गेला?

इंग्लंडच्या राजमान्य चर्चशी त्याचं पटेना, आणि न पटणाऱ्या पाद्र्यांना तिथे दिवस वाईट आले होते. १६२९ च्या डिसेंबरात मेरी बर्नार्डशी लग्न झालं. वर्षभरात दोघं ब्रिस्टलहून 'लायन' नावाच्या जहाजावर चढले आणि फेब्रुवारी १६३१ मध्ये बोस्टनजवळ उतरले.

बोस्टनच्या मंडळीने त्याला लगेच पाद्र्याची जागा देऊ केली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला हा मोठाच मान होता. त्याने नकार दिला. तुम्ही अजून इंग्लंडच्या चर्चशी नातं तोडलेलं नाही, मग मी तुमच्याकडे कसा येऊ, असं त्याचं म्हणणं. यजमानांना हे झोंबलं. तो त्याच वसाहतीतल्या सेलम गावी गेला, तिथून प्लिमथ या शेजारच्या वसाहतीत, मग १६३३ मध्ये पुन्हा सेलमला.

मॅसॅच्युसेट्सचे लोक स्वतःच धर्मस्वातंत्र्यासाठी आले होते ना? मग त्यांनी याला का हाकललं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्यातच एक गैरसमज आहे. ते आले होते आपला धर्म आपल्या पद्धतीने पाळायला. इतरांनी आपापला पाळावा म्हणून नव्हे. गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप आणि त्यांचे सहकारी मनापासून असं मानत की, देवाशी आपल्या सगळ्या वसाहतीचा करार झालेला आहे. एकाने मोडला तर कोप सगळ्यांवर होणार. त्यामुळे शब्बाथ, म्हणजे देवासाठी राखलेला विश्रांतीचा वार, न पाळणारा किंवा चुकीचं प्रवचन देणारा माणूस त्यांच्या लेखी गावाला आग लावणाऱ्यासारखाच.

विल्यम्सने या समजुतीच्या मुळावरच घाव घातला. त्याचं म्हणणं असं : दहा आज्ञांपैकी देवाशी संबंधित पहिल्या चार आज्ञा मोडल्या म्हणून शिक्षा करायचा न्यायाधीशाला अधिकार नाही. चोरी, खून, मारहाण हे न्यायाधीशाचं काम. पूजा, प्रार्थना, श्रद्धा हे नाही. शपथ हीसुद्धा एक प्रकारची प्रार्थनाच, तेव्हा श्रद्धा नसलेल्या माणसाकडून शपथ वदवून घेणं म्हणजे त्याला खोटी प्रार्थना करायला लावणं.

आणि यापेक्षाही अवघड दुखणं होतं जमिनीचं. इंग्लंडच्या राजाने सनद दिली म्हणून इथली जमीन आपली झाली, हे त्याला मान्य नव्हतं. जमीन राजाची नव्हतीच, तर त्याने ती दिली कशी? ज्यांची आहे त्यांच्याकडून रीतसर घ्या, असं तो म्हणे. हे म्हणणं मान्य केलं असतं तर अख्ख्या वसाहतीचे कागद रद्दी झाले असते.

ऑक्टोबर १६३५ मध्ये न्यूटाउनला त्याची सुनावणी झाली. त्याच्याशी वाद घालून त्याला वळवायचं काम थॉमस हूकर या नावाजलेल्या पाद्र्याकडे होतं. विल्यम्स वळला नाही. सहा आठवड्यांत वसाहत सोडायचा हुकूम निघाला.

भर हिवाळ्यात तो कसा निसटला?

तो आजारी होता आणि बायको बाळंतीण. दुसरी मुलगी ऑक्टोबरातच जन्मली होती. तिचं नाव ठेवलं फ्रीबॉर्न, म्हणजे जन्मानेच मोकळी! म्हणून कोर्टाने वसंतापर्यंत मुदत वाढवली, पण मतं पसरवायची नाहीत या अटीवर. लोक त्याच्या घरी येऊन ऐकत राहिले. जानेवारी १६३६ मध्ये त्याला पकडून इंग्लंडच्या जहाजात घालायला कॅप्टन अंडरहिलला धाडलं. कॅप्टन पोचला तेव्हा विल्यम्सला घर सोडून तीन दिवस झाले होते.

त्याला आगाऊ सावध केलं होतं खुद्द विन्थ्रॉपनी. नॅरागॅन्सेट उपसागराकडे जा, असं त्यांनी गुपचूप कळवलं. विल्यम्सने स्वतःच पुढे हे लिहून ठेवलं आहे. ज्या राजवटीने त्याला घालवलं तिच्यातल्याच एकाने त्याचा जीव वाचवला, आणि दोघांचा पत्रव्यवहार पुढेही वर्षानुवर्षं चालू राहिला.

बर्फातून वणवण करत तो वाम्पानोआग या स्थानिक जमातीचा प्रमुख मॅसासॉइट याच्या आश्रयाला गेला. चौदा आठवडे भाकर आणि बिछाना म्हणजे काय ते माहीत नव्हतं, असं त्याने म्हातारपणी लिहिलं. ती थंडी त्याच्या हाडांत कायमची राहिली.

वसंतात त्याने सीकाँक नदीच्या पूर्व काठावर पेरणी सुरू केली. तेवढ्यात प्लिमथच्या गव्हर्नरचं पत्र आलं : ही जागा आमच्या हद्दीत येते, कृपा करून नदीपलीकडे सरका. पेरलेलं शेत सोडून तो होडीने पलीकडे गेला. तिथे वसलं ते प्रॉव्हिडन्स.

प्रॉव्हिडन्सची जमीन त्याने विकत घेतली की त्याला दान मिळाली?

नॅरागॅन्सेट या स्थानिक जमातीचे दोन प्रमुख, म्हातारा कॅनोनिकस आणि त्याचा पुतण्या मियांटोनोमी, यांच्याकडून त्याने ती घेतली. १६३८ चा लेख आहे, त्यावर दोघांच्या खुणा आहेत. भेटवस्तूही दिल्या गेल्या. पण पैशाने ही जमीन मिळाली नसती, ती प्रेमाने मिळाली, असं विल्यम्स पुढे म्हणे.

कॅनोनिकस इंग्रजांवर सहज विश्वास टाकणारा नव्हता. एकदा विल्यम्स त्याला म्हणाला, इंग्रजांच्या शब्दावर शंका घ्यायचं कारण नाही. म्हाताऱ्याने एक काटकी उचलली, तिचे दहा तुकडे केले आणि इंग्रजांनी शब्द मोडल्याचा एकेक प्रसंग सांगत एकेक तुकडा खाली ठेवत गेला. दहा तुकडे, दहा प्रसंग. विल्यम्सने काहींचा खुलासा जागच्या जागी केला आणि उरलेले इंग्रज गव्हर्नरांपुढे मांडले. ही हकिकत त्यानेच छापून ठेवली, म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

त्याच्या गावात वेगळं काय होतं?

गावकऱ्यांनी करारावर सह्या केल्या : बहुमताने जे ठरेल ते आम्ही पाळू, पण 'फक्त लौकिक बाबतीत'. एवढ्याच शब्दांत सगळं आलं. चर्चला जाण्याची सक्ती नाही, पाद्र्यासाठी कर नाही.

त्याची कसोटी लवकरच लागली. जोशुआ व्हेरिन नावाचा गावकरी आपल्या बायकोला, जेनला, विल्यम्सच्या घरी होणाऱ्या प्रार्थनासभांना जाऊ देईना. तिला मारहाणही करी. नवऱ्याची आज्ञा पाळणं हा बायकोचा धर्म, मग गावाने मध्ये का पडावं, असं काही जण म्हणाले. गावाने १६३८ मध्ये निर्णय दिला : व्हेरिनने सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यावर घाला घातला, म्हणून त्याचा मताधिकार काढून घेतला जात आहे. सतराव्या शतकातली ही गोष्ट आहे, हे ध्यानात घ्या. पण जेनचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. व्हेरिन तिला घेऊन सेलमला परत गेला.

त्याने स्थानिकांच्या भाषेवर पुस्तक लिहिलं, ते काय आहे?

'अ की इनटू द लँग्वेज ऑफ अमेरिका', लंडन, १६४३. ते वाचल्याशिवाय विल्यम्स कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

१६४३ मध्ये त्याला इंग्लंडला जायचं होतं, पण हद्दपार असल्याने बोस्टन बंदर त्याला बंद. मग डचांच्या न्यू ॲमस्टरडॅमहून, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कहून, तो निघाला. जहाजावर बसून त्याने वर्षानुवर्षं कानांनी टिपलेली नॅरागॅन्सेट भाषा कागदावर उतरवली. डावीकडे त्यांचे शब्द, उजवीकडे इंग्रजी. बत्तीस प्रकरणं : नमस्कार-चमत्कार, खाणंपिणं, झोप, नातीगोती, वारा, मासे, व्यापार, आजार. व्याकरणाचं सुकं पुस्तक नाही हे. दोन माणसं भेटली तर काय बोलतील, त्याच क्रमाने ते जातं.

खाण्याच्या प्रकरणात 'नोकेहिक' येतं. मका भाजून केलेलं पीठ, आपल्या सातूच्या पिठाचा भाऊच म्हणा. पाठीवर छोटी टोपली किंवा कमरेला चामड्याचा पोकळ पट्टा, त्यात तीन-चार दिवस पुरेल एवढं पीठ. सुमारे दोनशे जणांबरोबर शंभरेक मैलांचं जंगल आपण असं तुडवलं, असं तो सांगतो. चमचाभर पीठ, ओढ्याचं चमचाभर पाणी, की झालं जेवण.

आणखी एक जागा मला विसरता येत नाही. नॅरागॅन्सेट लोक त्याला विचारत, तुम्ही इंग्रज इथे का आलात? आणि उत्तरही तेच देत : तुमच्याकडचं सरपण संपलं असणार. त्यांच्यात एका जागचं लाकूड जाळून झालं की वस्ती हलवायची रीत होती, त्यावरून त्यांनी हा कयास बांधलेला.

त्याच पुस्तकात एका कवितेत तो आपल्या इंग्रज वाचकाला बजावतो की, जन्माचा आणि रक्ताचा गर्व करू नकोस. तुझा हा इंडियन (म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी) भाऊ जन्माने तुझ्याएवढाच चांगला आहे.

वसाहतीला अधिकृत मान्यता कशी मिळाली?

त्यासाठीच तर तो लंडनला गेला होता. शेजारच्या वसाहतींचा या जमिनीवर डोळा होता. इंग्लंडात तेव्हा राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलेलं. न्यूकॅसलचा कोळसा बंद झाल्याने लंडनची गोरगरीब जनता थंडीने गारठली होती. त्यांना लाकूडफाटा मिळवून देण्याच्या कामाला विल्यम्सने स्वतःला जुंपून घेतलं. सरपणाचा तो प्रश्न ऐकून आलेला माणूस आता लंडनच्या गरिबांसाठी सरपण गोळा करत फिरत होता. त्याच धावपळीत, कधी परक्या घरात, कधी वाटेत शेताच्या बांधावर, त्याने आपला मुख्य ग्रंथ लिहिला : 'द ब्लडी टेनेंट ऑफ पर्सिक्यूशन'. श्रद्धेपायी माणसांचा छळ करण्याच्या सिद्धांताला त्याने 'रक्ताळलेला' म्हटलं. ज्यू, मुसलमान, कॅथलिक, नास्तिक, सगळ्यांना मोकळीक हवी, अशी त्याची मागणी.

मार्च १६४४ मध्ये त्याला सनद मिळाली. जुलैत पुस्तक निघालं. ऑगस्टमध्ये पार्लमेंटने ते जाहीरपणे जाळायचा हुकूम काढला. पण तोवर विल्यम्स सनद घेऊन परतीच्या वाटेला लागला होता. सीकाँक नदीवर त्याच्या स्वागताला गावकरी चौदा होड्या घेऊन आले.

पुढे गावागावांत भांडणं लागली, सनदच धोक्यात आली, तेव्हा १६५१ मध्ये आपलं चांगलं चाललेलं व्यापारी ठाणं विकून त्याने जॉन क्लार्कबरोबर पुन्हा इंग्लंड गाठलं. या फेरीत कवी मिल्टन त्याच्याकडून डच शिकला. १६६३ ची पक्की राजसनद क्लार्कने मिळवली. त्याचं श्रेय क्लार्कलाच द्यायला हवं.

म्हणजे तो सगळे धर्म सारखेच मानणारा होता का?

नाही, अजिबात नाही. लोक इथेच चुकतात. विल्यम्स कडवा श्रद्धाळू होता. त्याच्या मते बहुतेक सगळेच चुकलेले होते : रोमचे, इंग्लंडचे, बोस्टनचे. प्रॉव्हिडन्समध्ये त्याने अमेरिकेतलं पहिलं बॅप्टिस्ट चर्च (बाप्तिस्मा तान्हेपणी नको, जाणत्या वयात घ्यावा असं मानणाऱ्यांचं) सुरू करायला मदत केली आणि काही महिन्यांतच तेही सोडलं.

क्वेकर या पाद्री न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाची मतं तर त्याला मुळीच सहन होत नसत. १६७२ मध्ये, सत्तरीला टेकलेला असताना, त्यांच्याशी जाहीर वाद घालायला तो प्रॉव्हिडन्सहून ऱ्होड आयलंडमधल्याच न्यूपोर्ट गावी स्वतः वल्ही मारत गेला. दिवसभरात सुमारे तीस मैल. वादात त्याने त्यांच्यावर आगपाखड केली, पुढे पुस्तकही लिहिलं. पण याच क्वेकरांना बोस्टनमध्ये १६५९ ते १६६१ या काळात फासावर चढवलं, तेव्हा ऱ्होड आयलंडने त्यांना घालवून द्यायला साफ नकार दिला होता.

मला त्याच्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. आपल्याला ज्याचं काहीच पडलेलं नाही त्यात दुसऱ्याला मोकळीक देणं सोपं असतं. विल्यम्सला मात्र समोरचा माणूस नरकात जाणार असं खरोखर वाटे, ती कळकळ त्याला झोपू देत नसे, आणि तरीही त्याच्या केसालाही सरकारने धक्का लावू नये यावर तो अडून राहिला. जबरदस्तीची प्रार्थना देवालाच नको असते, असं तो सांगे. त्याला ती बलात्कारासारखी वाटे, आणि हा शब्द त्याने स्वतः वापरला आहे.

मग तिथे कायदा कोण पाळत असेल?

हीच शंका त्याच्या हयातीत आली. वसाहतीचा अध्यक्ष असताना काही जण म्हणू लागले की, आमच्या विवेकाला पटत नाही, म्हणून आम्ही कुठलीच शिस्त मानत नाही. जानेवारी १६५५ मध्ये त्याने त्यांना एका जहाजाचा दाखला दिला. जहाजावर कॅथलिक आहेत, प्रोटेस्टंट आहेत, ज्यू आहेत, तुर्क आहेत. जहाजाच्या प्रार्थनेला यायची सक्ती कुणावर नाही, स्वतःची प्रार्थना करायला आडकाठीही नाही. पण जहाज कुठे न्यायचं ते कप्तान ठरवणार, भाडं सगळ्यांनी भरायचं, आणि बंड केलं तर शिक्षा होणार.

अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष जेफरसन याची 'चर्च आणि राज्य यांच्यामधली भिंत' ही कल्पना मुळात विल्यम्सची का?

शब्दयोजना विल्यम्सकडे आधी सापडते. १६४४ मध्ये त्याने चर्चची बाग आणि जगाचं रान यांच्यामधल्या कुंपणाबद्दल, भिंतीबद्दल लिहिलं. जेफरसनचं पत्र १८०२ चं. विल्यम्सला बाग रानापासून वाचवायची होती, धर्म राजकारणाने नासू नये ही त्याची काळजी. जेफरसनचा रोख राज्यकारभारावर जास्त होता.

गुलामगिरीबद्दल त्याची भूमिका काय होती?

इथे मान खाली घालावी लागते. १६३७ मध्ये इंग्रज आणि पीकॉट ही स्थानिक जमात यांच्यात झालेल्या युद्धानंतर त्याने विन्थ्रॉपना कैद्यांशी दयेने वागा म्हणून लिहिलं, जन्मभराच्या गुलामीबद्दल शंकाही काढली. आणि त्याच पत्रव्यवहारात एक पीकॉट मुलगा आपल्या घरकामाला मागितला. १६५२ मध्ये प्रॉव्हिडन्स आणि वॉरिक या गावांनी दहा वर्षांहून जास्त कुणाला गुलाम ठेवायचं नाही असा कायदा केला. तो कागदावरच राहिला, आणि अठराव्या शतकात न्यूपोर्ट गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर झालं.

सगळ्यात वाईट शेवटी घडलं. डिसेंबर १६७५ मध्ये शेजारच्या वसाहतींच्या फौजांनी नॅरागॅन्सेटांच्या दलदलीतल्या गढीवर हल्ला करून बायकापोरांसह शेकडो माणसं मारली. मार्च १६७६ मध्ये नॅरागॅन्सेटांनी प्रॉव्हिडन्स जाळलं, त्यात विल्यम्सचं घरही गेलं. त्या ऑगस्टमध्ये पकडलेल्या स्थानिकांना ठरावीक वर्षांसाठी चाकरीला विकायचं काम एका समितीने केलं, आणि तिच्या कागदावर रॉजर विल्यम्सची सही आहे. ज्यांच्या चुलीशेजारी तो झोपला, ज्यांची भाषा त्याने जपली, त्यांचीच ही मुलंमाणसं. त्याचं वय, जळलेलं घर, युद्धाचा काळ, काहीही सांगितलं तरी ती सही पुसली जात नाही.

विल्यम पेन आणि विल्यम्स एकच का?

नाही. पेन क्वेकर होता. जन्म १६४४ चा, आणि पेनसिल्व्हेनियाची सनद त्याला १६८१ मध्ये मिळाली. नावांमुळे घोटाळा होतो.

महाराष्ट्राशी याचा काही धागा जुळतो का?

एक जुळतो, तोही सेलममधून. ज्या गावातून विल्यम्स परागंदा झाला त्याच गावात फेब्रुवारी १८१२ मध्ये पाच तरुण अमेरिकन मिशनऱ्यांना दीक्षा मिळाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला पोचले आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. पुढे अहमदनगरपर्यंत पसरलेलं, नारायण वामन टिळक ज्याच्याशी जोडले गेले, ते हेच मिशन. पाचांपैकी ॲडोनिरम जडसन प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन विद्यापीठात शिकलेला. भारतात येईपर्यंत त्याचं मन पालटलं आणि त्याने बॅप्टिस्ट पंथ धरला.

विल्यम्स कधी वारला? त्याची समाधी कुठे आहे?

१६८३ च्या सुरुवातीला, प्रॉव्हिडन्समध्येच. घरामागच्या जमिनीत पुरलं, खुणेचा दगड टिकला नाही. १८६० मध्ये जागा शोधून खणलं तेव्हा मिळाले थोडे खिळे आणि सफरचंदाच्या झाडाचं एक मूळ. ते मूळ डोक्याच्या जागेपासून पाठीच्या कण्यासारखं खाली गेलेलं, पुढे दोन पायांसारखं फुटलेलं, गुडघ्याशी वाकलेलं आणि टोकाशी वर वळलेलं. ते आजही प्रॉव्हिडन्सच्या जॉन ब्राउन हाउस संग्रहालयात जपून ठेवलं आहे. तिथली माती गोळा करून प्रॉस्पेक्ट टेरेस बागेतल्या त्याच्या पुतळ्याखाली ठेवली. मॅसॅच्युसेट्सने हद्दपारीचा हुकूम मागे घेतला १९३६ मध्ये.

त्याचं सगळं लिखाण आता छापून झालंय का?

बरंचसं. पण एक पुस्तक प्रॉव्हिडन्सच्या जॉन कार्टर ब्राउन ग्रंथालयात कित्येक वर्षं कोडं होऊन पडून होतं. त्याच्या पानापानाच्या समासात कुणीतरी बारीक, न उलगडणाऱ्या खुणा भरून ठेवलेल्या. २०१२ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ती लिपी फोडली. अक्षर विल्यम्सचं निघालं. तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा द्यावा की नाही, यावर जॉन एलियट या पाद्र्याने १६७९ मध्ये छापलेल्या पुस्तिकेला तो उत्तर देत होता. पंचाहत्तरी ओलांडलेली, घर जळून गेलेलं, आणि दुसऱ्याच्या पुस्तकाच्या कडेने तो अजून वाद घालत होता, लहानपणी लंडनमध्ये शिकलेल्या त्याच लघुलिपीत.